स्तामेन दोब्रेवची खुर्ची

स्कॅनरच्या काचेवर फोटो पालथा घालताना एलित्सानं त्यामागचं नाव वाचलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे जागा रिकामी झाली. तो आपला आपण आला, कुणी बोलावलं नव्हतं. काउंटरला दोन्ही हात टेकून काळ्या कोटातली बाई समोर उभी होती, कालपर्यंत जिला नवरा होता अशी बाई, आणि ही तिच्यादेखत मनातल्या मनात त्या नवऱ्याच्या खुर्चीत बसूनसुद्धा मोकळी झाली होती. एलित्सानं झाकण खाली केलं. उजेडाची पट्टी काचेखालून सावकाश सरकत गेली आणि पडद्यावर स्तामेन दोब्रेव उमटला: पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, उजेड वरून डावीकडून पडलेला. नकाशातल्या डोंगरांवर पडतो तसा. हे त्याला आवडलं असतं, असं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला. ज्या माणसाला आपण जन्मात पाहिलं नाही त्याला काय आवडलं असतं हे ठरवणारी मी कोण?

पाहिलं नव्हतं, पण ओळखत मात्र होती. घरी फ्रिजच्या वर, तळणाच्या वाफेनं पिवळा पडलेला रोदोपी डोंगरांचा नकाशा होता. बाप रविवारी डोंगरात जायचा तेव्हा तो उतरवून न्यायचा, परत आला की त्याच खिळ्यांना लावायचा. लहानपणी स्टुलावर उभी राहून ती त्या डोंगरांवरून बोट फिरवायची. डोळ्यांना ते इतके उंचसखल दिसायचे की बोटाला सपाट कागद लागला की दर वेळी कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखं वाटायचं. खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, डोंगरांना छाया देणाऱ्याचं नाव होतं: स्तामेन दोब्रेव. बाप पुढे डोंगर सोडून दुसऱ्या बाईकडे गेला, तो नकाशा काही घेऊन गेला नाही. विद्यापीठात सगळे संगणकावर बटण दाबून डोंगर उठवायचे आणि एलित्सा मऊ पेन्सिलीनं सावली घासत बसायची. मुलं म्हणायची, हिला म्युझियममध्ये नोकरी लागणार. तिला म्युझियम नको होतं. तिला प्लोवदिवच्याच नदीपलीकडचं, असे नकाशे जिथे बनत ते नकाशाघर हवं होतं, दुसरं काही नको होतं, आणि हे तिनं कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, कारण इतकी एकच एक इच्छा असणं तिचं तिलाच जरा लाजिरवाणं वाटत असे.

जाहिरात कधी येतच नव्हती. पदवी हातात देताना प्राध्यापक म्हणाले होते, जाहिरातीची वाट बघत बसू नका, जा, थेट दारात उभे राहा, डोळ्यांत डोळे घालून सांगा की मला इथंच काम करायचंय. ते बोलायला त्यांचं काय जात होतं? एलित्सा खरोखर गेली. दारात डोळे नव्हतेच, पहारेकऱ्याची चौकी होती, आणि पहारेकरी सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. त्यानं तिचा बायोडेटा हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, जाहिरात नाही म्हणजे जागा नाही, आणि जागा असती तर ती तुझ्यापर्यंत पोचली असती का पोरी? ई-मेलना उत्तर येई तेही तेवढंच: सध्या जागा नाही. मग आई म्हणायला लागली, तोवर काहीतरी कर, आणि एलित्सा बोगोमिलकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागली. दुकान कब्रस्तानाच्या बसच्या थांब्यासमोर होतं. झेरॉक्स नावाला, खरा धंदा निधनाच्या कागदांचा. माणूस गेलं की घरच्यांनी फोटोसकट कागद छापायचा आणि आपल्या हातानं घराच्या दारावर, थांब्यावर, झाडावर, कामाच्या ठिकाणी चिकटवायचा. बोगोमिलकाका म्हणत, "जिवंत गिऱ्हाईक एकदा येतं नि घासाघीस करतं. मेलेलं बघ, गप येतं, आणि परत परत येतं. चाळीस दिवसांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. असं गिऱ्हाईक कुणाच्या नशिबी असतं?" पहिल्या दिवशी ती हसली होती. नंतर हसायचंही राहिलं आणि वाईट वाटायचंही.

आज मात्र तिचे हात नीट चालेनात. मजकुराला काळी चौकट द्यायची ती तिनं दोनदा चुकवली. काळ्या कोटातली रायना दोब्रेवा बोलत होती. दुःखात माणसं एकतर अजिबात बोलत नाहीत किंवा थांबतच नाहीत, ही दुसऱ्यांतली. पहाटे गेले, म्हणाली. दवाखान्यात शेवटपर्यंत पेन्सिल मागत होते, नर्सनं बॉलपेन दिलं तर फेकून दिलं. तिकडे कामावर अजून कुणाला कळवलं नाही. मग ती काउंटरवरून थोडी पुढे वाकली.

"खाली नावं घाल. मुलगी मिरेला, तिचं पहिलं. मग माझं." आणि आवाज खाली आणून: "ती येणार नाहीये. हे तुला म्हणून सांगते. वालेन्सियात एका म्हाताऱ्याला सांभाळते ती, त्याला सोडून निघता येत नाही म्हणते. परक्याच्या बापाला भरवतेय, नि स्वतःच्या बापावर माती टाकायला नाही. आता ती कायमचीच नाही येत, मला ठाऊक आहे. पण नाव पहिलं घाल."

एलित्सानं पहिलं घातलं. मिरेला हे नाव टाइप करताना तिला त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल काहीच वाटलं नाही, आणि हे तिला पुढे आठवणार होतं. कागद गरम गरम बाहेर आले. रायनामावशींनी एकेक मोजल्यासारखा हातात घेतला, आणि एक परत काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, हा त्यांच्या कामावरच्या फाटकाला लावायचा. माझे पाय तिकडे वळत नाहीत गं. एवढ्या वर्षांत मी कधी आत गेले नाही, आता कशाला? तू लावशील का? एलित्सा लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मावशींना भरून आलं आणि त्यांनी काउंटरवरून हात लांब करून तिच्या गालाला लावला. हात थंडगार होता. त्या गेल्यावर एलित्सानं पहिलं काम केलं ते हे, की स्वतःचा बायोडेटा काढून छापला. एकाच यंत्रातून, एकाच जाडीच्या कागदावर. दोन्हींत वर फोटो, खाली नाव, जन्मसाल, आणि माणूस किती चांगलं होतं याच्या चार ओळी. पावसानं भिजू नयेत म्हणून दोन्ही सारख्याच प्लास्टिकच्या पाकिटांत घातले. बोगोमिलकाकांनी पाहिलं आणि भुवई उचलली. 

पुलावरून चालत जाताना तिनं स्वतःची बाजू नीट मांडून पाहिली. मी त्याला मारलेलं नाही. जागा रिकामी व्हायची ती झाली, मी विचारलं नाही तरी कुणीतरी विचारणारच. शिवाय विचारीनच असं कुठे आहे? नुसता कागद लावीन, आणि जमलं तर, तेही जमलं तरच, आणखी कधीतरी येऊ का एवढं विचारीन. नदीला मार्चचं गढूळ पाणी होतं. रस्त्यावर प्रत्येकाच्या मनगटाला मार्चचा लाल-पांढरा दोरा होता, पोरांच्या, बस ड्रायव्हरच्या, भाजीवालीच्या. तिच्याही होता, आईनं एक तारखेला बांधलेला. आणि चालता चालता तिला एकदम असं वाटलं की बाप निघून गेला त्या दिवशीही तिनं हेच केलं होतं. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, आणि ही दारात उभी राहून भिंतीकडे बघत होती, नकाशा आहे ना, नेला नाही ना. नकाशा होता. तेव्हा किती बरं वाटलं होतं. म्हणजे हे आजचं नाही, असं तिला वाटलं, मी मुळातच अशी आहे. हे कळून पाय काही थांबले नाहीत.

पहारेकऱ्यानं तिच्या हातातला कागद पाहिला, बिया फोडायचा थांबला, टोपी काढली आणि काही न विचारता फाटक उघडलं. इतकं सोपं होतं ते. तिनं गोंदाची बाटली पिशवीतून काढायच्या आत तो फोनवर बोलला होता, आणि जिन्यावरून एक उंच, वाकलेला माणूस घाईघाईनं खाली येत होता, मागे दोन बायका. हा इंजिनियर हाजिएव, नकाशाघराचा संचालक. ई-मेलांच्या खाली तिनं हेच नाव वाचलेलं. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचा चेहरा पडला तो पडलाच. स्तामेनच्या मुलीला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि घरचा कागद घरचंच माणूस घेऊन येतं. यात विचारण्यासारखं काय होतं? त्यानं तिला जवळ घेतलं.

"मिरेला," तो म्हणाला. "आलीस पोरी."

त्याच्या स्वेटरला तंबाखूचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. तो श्वास एलित्सानं घेतला आणि आत ठेवला. नंतर पुष्कळ वेळा तिनं स्वतःला सांगितलं की मी गोंधळले, तोंडातून शब्दच फुटेना. पण तसं नव्हतं. ती मुळीच गोंधळली नव्हती. इतक्या वर्षांनी जिन्याची पहिली पायरी समोर दिसत होती आणि तिला वर जायचं होतं, एवढंच होतं. वर गेल्यावर सांगीन. वर लांबच लांब खोली, उत्तरेकडच्या खिडक्या, भिंतीभर डोंगर. तिचे रोदोपीही होते, न पिवळे पडलेले, इतके स्वच्छ की क्षणभर ओळखू आले नाहीत. माणसं टेबलांमागून उठून उभी राहिली. कुणीतरी राकियाची बाटली आणली. प्रत्येकानं पेला न भिडवता आधी थोडी जमिनीवर सांडली, देव त्याला क्षमा करो म्हणाले, आणि मग प्यायले. तिनंही सांडली, तिनंही म्हटलं. गेलेल्यासाठी सांडलेली दारू कुणाच्याही हातून सांडली तरी चालते, असं तिनं स्वतःची समजूत घातली. घशाखाली उतरलेल्या घोटानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा लोकांनी भलता अर्थ घेतला.

हाजिएव तिला खिडकीजवळच्या टेबलापाशी घेऊन गेला. पेन्सिली टोक करून ओळीनं ठेवलेल्या, ब्रेडचा गोळा पेन्सिलीच्या खुणा पुसायला ठेवलेला, तो वाळून दगड झालेला. पिरीन डोंगरांचा एक तक्ता होता, अर्ध्या डोंगरांना सावली दिलेली, अर्धे नुसत्या रेषांचे, अजून सपाट. खुर्चीवर घरी शिवलेली उशी होती. उशी मधोमध खोल दबली होती.

"तुझ्या बापानं माझ्याकडून शब्द घेतलाय," हाजिएव म्हणाला. "दर वर्षी विचारायचा, खुर्ची आहे ना माझ्या मिरेलाला? ती येणारे परत. मी म्हणायचो, आहे. कितीक पोरं येतात, लिहितात, मी सगळ्यांना नाही म्हणून सांगतो. ही तुझी आहे. रडून घे आधी, मग ये. काम येत नसलं तर शिकवू."

काम येत नसलं तर. एलित्सा त्या उशीकडे बघत राहिली. म्हणजे जागा होती. पहारेकरी बिया फोडत होता तेव्हाही होती, प्रत्येक "सध्या जागा नाही"च्या मागे ही खुर्ची इथे खिडकीशी उभी होती, उशीसकट. वालेन्सियात कुणा म्हाताऱ्याला सूप भरवणाऱ्या बाईसाठी, जिला पेन्सिल कशी धरतात हेही माहीत नसेल, जी मातीलासुद्धा येत नाही. तिला राग आला. इतका स्वच्छ, न्यायाचा राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि त्या रागानं तिच्या मनातली सगळी लाज धुऊन टाकली. तेवढ्यात मागच्या दोघींपैकी एकीची नजर तिच्या मनगटावर थांबलेली तिनं पाहिली. लाल-पांढरा दोरा. सुतकातली माणसं लाल बांधत नाहीत. त्या बाईनं दुसरीला कोपरानं हलकेच ढोसलं. एलित्सानं बाही खाली ओढली, आणि ओढल्यावर कळलं की आता बोलायलाच हवं.

"मी मिरेला नाही," ती म्हणाली. "मी कागद छापतात त्या दुकानातली. मावशींनी लावायला पाठवलं."

 हाजिएवचा हात तिच्या खांद्यावर होता तो त्यानं काढून घेतला, आणि कुठे ठेवावा हे न कळून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. इथे थांबली असती तरी चाललं असतं. सॉरी म्हणून, कागद लावून, परत जाऊन, आईला सांगून एक दिवस हसता आलं असतं. पण पिशवीतलं दुसरं पाकीट तिच्या हातात आलेलं होतं. तिनं ते पुढे केलं. म्हणाली, मी छाया हातानं देते, तीच शिकलेय, रोदोपीचा तुमचा तक्ता मला पाठ आहे. हाजिएवनं पाकीट घेतलं. एक माणूस हातात दोन फोटो घेऊन उभा होता, आणि त्याची नजर या फोटोवरून त्या फोटोवर जाऊन आली.

"ही जागा दिलेली आहे," तो म्हणाला. "मिरेला येईपर्यंत."

"ती येणार नाही." एलित्सानं स्वतःचा आवाज ऐकला, शांत, समजूतदार, गिऱ्हाइकाला प्रती किती लागतील सांगतानाचा. "दफनालासुद्धा येत नाहीये. कायमचीच येत नाही. तिच्या आईनंच मला सांगितलं."

 हाजिएवनं बायोडेटा पिरीनच्या तक्त्यावर उलटा ठेवला, नाव खाली.

"तुम्ही तुमचं काम करा, बाई," तो म्हणाला. "कागद लावा आणि जा."

आतापर्यंत ती पोरगी होती, तू होती. त्या तुम्हीमध्ये दार लावल्याचा आवाज होता. तरीही, आणि हे फार वाईट होतं, जिना उतरताना तिच्या मनात आशा होती. त्यानं कागद परत दिलेला नाही. आज दुःखात आहे, उद्या सुलटा करून वाचेल. तिनं फाटकाला गोंद लावला, स्तामेन दोब्रेवला चिकटवलं, आणि तो जाड चष्म्यातून रस्त्यापलीकडे बघायला लागला. पहारेकरी टोपी छातीशी धरून उभा होता. त्याला अजून ती मुलगीच वाटत होती.

मग आशेचे दिवस गेले, फोन उशाशी घेऊन झोपण्याचे, आणि ते दिवस खरं तर सुखाचे होते. बर्फ वितळलं, बदामाला फुलं आली, लोकांनी मनगटावरचे दोरे सोडून फुललेल्या फांद्यांना बांधले. एलित्सानं आपला सोडला नाही. तिनं ठरवलं होतं, फोन आला की सोडीन. फोनऐवजी एके दिवशी दारात रायनामावशी आल्या. काळा कोट तोच, बाहेर ऊन पडलं होतं तरी. हातात पिशवी, पिशवीत कागदी पेले, पेल्यांत उकडलेले गोड गहू. चाळीस दिवस भरले होते. त्यांनी बोगोमिलकाकांना एक पेला दिला, एक एलित्साला. काकांनी देव क्षमा करो म्हटलं, पेला घेतला आणि मागच्या खोलीत निघून गेले. त्या माणसाला कधी जायचं ते बरोबर कळे.

"खा," मावशी म्हणाल्या. ती खायला लागली. वर पिठीसाखर, अक्रोडाचा चुरा. मावशी तिच्या चमच्याकडे बघत बोलत होत्या. हाजिएव आला होता घरी, म्हणाल्या. फार चांगलं वागला, फुलं आणली, उशी परत आणली. म्हणाला, मिरेला येणार नाही असं तुमच्या कागदवाल्या पोरीनं सांगितलं, मग मी शब्दातून सुटलो. वरून सारखा दबाव होता त्याच्यावर, की आता हाताचं काम बंद करा. स्तामेनचं टेबल म्हणून आणि त्याच्या पोरीचं म्हणून त्यानं इतके दिवस धरून ठेवलं होतं. आता टेबल काढलं. तिथे यंत्र आलंय. डोंगर यंत्र काढणार.

"मी त्याला सांगितलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "स्तामेननंही नव्हतं सांगितलं कधी. त्यांना काय ठाऊक नव्हतं, पोरगी येत नाही ते? पण तोंडानं कुणी बोलत नव्हतं ना. जोवर बोललं नव्हतं तोवर ती खुर्ची होती तिथं. मी फोनवर तिला सांगत असे, तुझी खुर्ची आहे हं. ती रडायची. पण आहे म्हटलं की जरा बरं वाटायचं तिला."

एलित्सानं चमचा पेल्यात ठेवला.

"तुला दिली का त्यांनी नोकरी?" मावशींनी विचारलं. आवाजात कडवटपणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही."

"मग कुणाला मिळालं गं काही?"

मावशी उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडून नवा फोटो काढला, चष्म्याशिवायचा, तरुणपणीचा, कुठल्याशा डोंगरावरचा. म्हणाल्या, या वेळी हा घाल. नावं तशीच, मिरेलाचं पहिलं. एलित्सानं फोटो काचेवर पालथा घातला. पट्टी खालून सरकली. पडद्यावर आलेला माणूस तिच्या बापाच्या वयाचा होता, बाप डोंगरात जायचा तेव्हाच्या. कागद निघाले. मावशींनी घ्यायचे ते घेतले आणि एक काउंटरवर ठेवला.

"हा फाटकाचा," त्या म्हणाल्या. "तूच लाव. माझे पाय अजून वळत नाहीत तिकडे, आणि तुला रस्ता ठाऊक आहे."

तो टोमणा होता की नुसतं काम सांगणं होतं हे एलित्साला पुलापर्यंत कळलं नाही आणि पुलापलीकडेही कळलं नाही. या वेळी पिशवीत एकच पाकीट होतं. पहारेकऱ्यानं तिला पाहिलं, फाटक उघडलं नाही आणि टोपीही काढली नाही. त्याला आता सगळं माहीत होतं. आत खिडक्यांवर दुपारचा उजेड होता. जुना कागद उन्हानं फिका पडला होता, चष्म्याच्या जागी नुसते दोन पांढरे डाग राहिले होते. तिनं तो नखानं खरवडून काढला आणि तिथेच नवा लावला. मधून कडेकडे हात फिरवत गेली, कारण चेहऱ्याखाली हवा राहिली तर फोड येतो. बोटाला सपाट कागद लागला. तीन महिन्यांनी परत यायचं, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं, आणि मावशी असेपर्यंत दर वर्षी. वारा होता, एक कोपरा सारखा उचलत होता. तिनं त्यावर अंगठा दाबला आणि गोंद धरेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली.